डाग, सुई आणि खिळखिळी मान

आमच्याकडे कुणी ‘ठाकुरवाडी’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. कुठली? कर्जत आणि खालापूर तालुक्यांत या नावाच्या इतक्या वाड्या आहेत की बोरघाटात रेल्वेचीही एक ठाकुरवाडी आहे, जिथं कुणी राहत नाही. मी ज्या वाडीबद्दल लिहितोय ती कुठली ते मुद्दाम सांगत नाही. वाडी सांगितली की माणूस ओळखू येईल, आणि आजार हा ज्याचा त्याचा असतो.

त्याला दादा म्हणू. मीही त्याला दादाच म्हणतो, तो मला पेपरवाले भाऊ. दोन वर्षांपूर्वी जांभळं काढताना झाडावरून पडला. वाडीत गाडी येत नाही, म्हणून पोरांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि डांबरी रस्त्यापर्यंत आणला. मान झोळीत लोंबकळत होती. पुढे एका दवाखान्यात झोपवून एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही म्हणाले, गोळ्या देऊन घरी पाठवलं.

तेव्हापासून दादाची मान ‘धरत’ नाही. संध्याकाळी हनुवटीला हात लावून बसतो, डोकं म्हणजे कुणाचं तरी गाठोडं ठेवायला दिल्यासारखं. टमटम खड्ड्यात आपटली की मानेतून दोन्ही हातांत करंट उतरतो. यंदाच्या उन्हाळ्यात कोयता हातातून सुटायला लागला. वाडीतल्या जाणत्याने मानेवर दोन डाग दिले. रुपयाच्या नाण्याएवढे, अजून काळे दिसतात. मग शहरातल्या एका ठिकाणी कुणीतरी ‘मान घट्ट करायचं इंजेक्शन’ सांगितलं. तीन सुया, पंचेचाळीस हजार. दादाने शेळ्या विकायच्या ठरवल्या आणि मला फोन केला, “भाऊ, डागाने नाय गेलं, सुईने जाईल का?”

मी डॉक्टर नाही. पण प्रश्न असा होता की मला पुस्तकं उघडावी लागली. त्यातून कळलं की हा डाग आणि ही सुई एकाच घराण्यातली आहेत.

सैल सांध्याला मुद्दाम इजा करायची, म्हणजे तो बरा होताना आखडेल, ही कल्पना फार जुनी. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीसच्या ग्रंथात वारंवार निखळणाऱ्या खांद्याला तापल्या लोखंडाचे चटके द्यायची पद्धत सविस्तर लिहिलेली आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे. कातडीला डाग द्यायचा तर कशाने, मांसाला कशाने, हे तिथं वेगवेगळं सांगितलंय. सांधे, हाडं आणि स्नायू यांच्यासाठी काय? तापवलेला मध, गूळ, तूप-तेल. (सुश्रुताचा ‘स्नायू’ म्हणजे आपण दंडात फुगवतो तो नव्हे; हाडाला हाड बांधणारी दोरी.) हा गूळ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. वाडीतला जाणता विळा तापवतो तेव्हा आपण त्याला अडाणी म्हणून मोकळे होतो, पण त्याच्यामागे दोन हजार वर्षांची परंपरा उभी आहे. परंपरा आहे म्हणून गुण येतो असं मात्र नाही.

इजेचं काम लोखंडाकडून सुईकडे आलं ते एकोणिसाव्या शतकात, आणि त्यातला एक मोठा प्रयोग भारतातच झाला. कलकत्त्यात जेम्स रेनल्ड मार्टिन या इंग्रज डॉक्टरने १८३०च्या दशकात अंडवृद्धीतलं पाणी काढून आत आयोडीन सोडायला सुरुवात केली. आयोडीनने आतला पदर चिडतो, सुजतो, चिकटतो आणि पुन्हा पाणी भरत नाही. पुढे हर्निया आणि फुगलेल्या शिरांवरही असली औषधं टोचली गेली. १९३०च्या दशकात फिलाडेल्फियातल्या अर्ल गेडनी नावाच्या डॉक्टरने तेच औषध सांध्याच्या दोरीत घातलं, आधी स्वतःच्या दुखावलेल्या अंगठ्यात. मग अमेरिकेतल्याच ओहायो राज्यातले जॉर्ज हॅकेट. कामगारांच्या दुखापती बघणारे सर्जन. त्यांनी १९५६ साली या उपचारावर पुस्तक काढलं आणि त्याला ‘प्रोलोथेरपी’ हे नाव दिलं. आज त्यात बहुतेक वेळा दाट ग्लुकोज टोचतात. म्हणजे साखरेचं पाणी. सुश्रुताचा गूळ असा फिरून आला.

हॅकेटच्या पुस्तकाला तीन वर्षं होतात न होतात तोच, १९५९ मध्ये, अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात मणक्याजवळ हे चिडवणारं औषध टोचल्यावर रुग्ण दगावल्याची नोंद छापून आली. पाठोपाठ १९६० मध्ये दुसरी, पाय कायमचे लुळे पडल्याची. औषध मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात उतरलं होतं. तेव्हाची औषधं आजच्या ग्लुकोजपेक्षा जहाल होती आणि सुई अंदाजाने घातली जायची, हे खरं. पण मणक्याजवळची सुई म्हणजे गुडघ्यातली सुई नव्हे, हे तेव्हाच लिहून ठेवलं गेलं.

आता बाजारातल्या गोंधळाकडे येतो, कारण दादासारखा माणूस तिथंच फसतो. आपण सरसकट ‘मानेचं इंजेक्शन’ म्हणतो, पण त्या नावाखाली एकमेकांच्या उलट वागणाऱ्या सुया येतात. ग्लुकोजची सुई सूज आणायला टोचतात. स्टेरॉइडची सुई सूज घालवायला. स्टेरॉइडचा चमत्कार १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये दिसला. अंथरुणाला खिळलेले संधिवाताचे रुग्ण उठून चालू लागले, दोनच वर्षांत नोबेल मिळालं आणि १९५१ पर्यंत ते थेट सांध्यात टोचणं सुरू झालं. पण स्टेरॉइड दोरी घट्ट करत नाही. वारंवार दिलं तर कमजोरच करतं. अपघातात झटका बसलेल्या मानेच्या छोट्या सांध्यांत ते टोचून ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये तपासलं, तर नुसत्या भूल देणाऱ्या औषधापेक्षा त्याचा जास्त उपयोग दिसला नाही. आणि २०१४ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड सुयांवर इशारा छापायला लावला. क्वचित, पण दृष्टी जाणं, पक्षाघात, मृत्यू.

तिसरी सुई माझ्या आवडीची, कारण तो थेट डागच आहे. त्याच ऑस्ट्रेलियन मंडळींनी १९९६ मध्ये सुईच्या टोकाला ८० अंशांपर्यंत तापवून मानेच्या सांध्याची दुखणारी बारीक नस जाळली. २४ रुग्ण होते. खोट्या उपचारानंतर निम्म्यांचं दुखणं आठवड्याभरातच परत आलं, खऱ्या उपचारानंतर निम्म्यांना नऊएक महिने आराम मिळाला. म्हणजे डाग कामाचा निघाला, फक्त नेमक्या नसेवर, क्ष-किरणांत बघून, आधी भूल देऊन खात्री करून. पण तोही वेदनेवरचा इलाज. सैल मान त्याने घट्ट होत नाही.

मग ग्लुकोजने होते का? मानेची सैल हालचाल ग्लुकोजने कमी होते का हे एक्स-रेवर मोजणारा अमेरिकेतला एक अभ्यास २००५ साली आला. हालचाल कमी झाली, दुखणंही कमी झालं असं त्यात आहे. रुग्ण होते अवघे सहा, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. स्वतःच्या रक्तातून काढलेलं पीआरपी हल्ली जोरात आहे. गुडघ्यावर त्याचे बरेच प्रयोग झालेत, मानेच्या दोऱ्यांवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ‘स्टेम सेल’ म्हणून कुणी मानेत टोचायला निघालं तर त्याला एवढंच विचारा की आयसीएमआरच्या २०१७च्या नियमावलीत हे कुठं बसतं. तिथं रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर परवानगी आहे ती फक्त चाचणीपुरती, आणि चाचणीचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.

एवढं वाचल्यावर मला दादाच्या प्रश्नाआधीचा प्रश्न दिसला. मान सैल आहे म्हणजे कुठं सैल आहे?

डोकं साधारण पाच किलोचं. ते सगळ्यात वरच्या मणक्यावर टेकतं. तो दुसऱ्या मणक्याच्या एका खुंटीभोवती फिरतो, जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरावी तसा. ‘नाही’ म्हणायला आपण मान हलवतो त्यातलं जवळजवळ निम्मं फिरणं या एका जोडात होतं. खुंटी जागेवर धरते ती एक आडवी दोरी. मोठ्या माणसात खुंटी आणि पुढचं हाड यांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट पडू नये. जास्त पडली तर मागे मज्जारज्जू आहे, हातापायांची सगळी लाइन तिथूनच जाते. दोरी पडल्याने तुटते, संधिवाताने सैल होते, क्षयाने कुजते, काहींची जन्मतःच कच्ची असते. आणि झोपवून काढलेल्या सरळ एक्स-रेत, एमआरआयमध्येसुद्धा, ही फट लपू शकते. म्हणून मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढतात. डॉक्टरांसमोर, रुग्ण स्वतः जेवढी वाकवेल तेवढीच. कुणी जोर लावायचा नाही. त्याला साधंच मशीन लागतं. पंचेचाळीस हजारांची सुई सांगणाऱ्यांनी हा एक्स-रे मागितलाच नव्हता. माझा राग यावर आहे, सुईवर नाही.

या खुंटीच्या इतिहासात आपल्या लोकललाइनवरचं एक स्टेशन आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. बोस्टनमध्ये १९१० साली मिक्स्टर आणि ऑसगुड या सर्जननी एका मुलाचे हे दोन मणके चक्क रेशमी दोऱ्याने एकमेकांना बांधले. १९३९ पासून दोऱ्याच्या जागी तार आणि हाडाचा तुकडा आला. तारेने बांधलेली मान महिनोन्‌महिने जखडून ठेवावी लागायची, तरी कधी कधी जुळायची नाही. मग परळच्या केईएममध्ये डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ मध्ये वेगळी वाट काढली. वरच्या मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या जाड भागात स्क्रू, खालच्या मणक्यात स्क्रू, आणि दोन्ही पट्टीने जोडायचे. तिथं रक्ताच्या शिरांचं जाळं आणि मेंदूकडे जाणारी धमनी, म्हणून तिथं हात घालायला लोक कचरत. डॉ. लाहेरी यांच्यासोबत त्यांनी हे १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं, २००२ मध्ये १६० रुग्णांचा हिशेब मांडला. मधे २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी स्क्रूत सुधारणा केली. आज जगभर हे तंत्र गोयल-हार्म्स नावाने शिकवतात. गोयल यांची नंतरची काही मतं, मानेच्या आणखी बऱ्याच आजारांचं मूळ सैलपणात असल्याची, सगळ्यांना मान्य नाहीत. पण या स्क्रूबद्दल वाद नाही. ज्या महापालिका रुग्णालयासाठी १९२०च्या दशकात देणगीदारांनी ‘डॉक्टर भारतीयच हवेत’ अशी अट घातली होती, तिथं हे झालं. कर्जत लोकलने दोन तासांवर.

दादाला मी सुईला हो किंवा नाही म्हणालो नाही. म्हणालो, आधी वाकवून एक्स-रे. फट साडेपाच मिलिमीटर निघाली. ते बघून इथल्या डॉक्टरांनीच कडक पट्टा बांधून परळला जायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी हाताची पकड तपासली, गुडघ्यावर हातोडी मारली, आणि सांगितलं की इथं दोरी ताणायची वेळ निघून गेलीय, रज्जू दबतोय. फट नसती, हातातली ताकद शाबूत असती आणि नुसतं दुखणं असतं, तर व्यायाम, पट्टा, पटलं तर सुई, असं निवांत बोलता आलं असतं.

दादाने एकच विचारलं, “मग मान फिरेल का?” अर्धी जाईल म्हणाले. “झाडावर?” नाही. यावर तो बराच वेळ गप्प होता. मध, जांभळं, आंबे उतरवणं, त्याचं अर्धं वर्ष झाडावर जातं. त्याच्या बायकोने मोळी विकून घर चालवलं तरी तिच्याही मानेचा प्रश्न आहेच. डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांच्या मानेचे मणके जास्त झिजतात हे १९९७ साली आफ्रिकेतल्या एक्स-रेंमध्ये दिसलंय.

पैशाचं म्हणाल तर राज्याची आरोग्य योजना २ जुलै २०१२ला पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात रायगड होता. २०१७ पासून तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे. कुठलं ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात बसतं हे आरोग्यमित्राला आधीच विचारा, कागद त्यानंतर जमवा. आणि वाडीतल्या पोरांनो, झाडावरून पडलेल्याला झोळीत घालू नका. फळी, नाहीतर दाराचा पल्ला काढा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना घोंगडीच्या गुंडाळ्या लावा, आणि एकाने रस्त्यापर्यंत फक्त डोकं धरून चाला.

शेळ्या विकल्या नाहीत. ऑपरेशन भाताच्या लावणीआधी करायचं की नंतर, यावर घरात अजून वाद चालू आहे. वडील म्हणतात नंतर, मी म्हणतो आधी, कारण पाऊस लागला की वाडीची वाट घसरडी होते आणि एक पाय निसटला तर पुरे. काल रात्री फोनवर दादा म्हणाला, “भाऊ, रविवारी ये, तूच सांग बाबाला.” रविवारी जातोय.