कोल्हापूरची ख्रिस्ती मंडळी

कोल्हापुरातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाची सुरुवात 1852 सालची. त्या वर्षी रॉयल गुल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी अहमदनगरचे काम सोडून संस्थानाच्या या राजधानीत आले. त्यांनी शाळा काढल्या, गावोगाव हिंडून उपदेश केला. पण बाप्तिस्मा घेणारे थोडेच निघाले. पुढे त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेशी त्यांचे बिनसले. काही वर्षे त्यांनी स्वतंत्रपणे काम रेटले आणि 1870 मध्ये मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे सोपवले.

बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या कमी राहण्याचे कारण उघड होते. बाप्तिस्मा म्हणजे बहुधा भावकीशी फारकत. पंगत तुटे, सोयरिकी तुटत, मयताला खांदा द्यायलाही माणसे मिळणे अवघड होई. एकट्यादुकट्याने असली श्रद्धा पेलणे सोपे नव्हते. त्यामुळे भावकीची कामे मंडळीलाच अंगावर घ्यावी लागली: लग्न जुळवणे, आजाऱ्याजवळ बसणे, प्रेत उचलणे, पोरके मूल सांभाळणे. कोल्हापूर, कोडोली, सांगली, मिरज ही मिशनची ठाणी अशा नात्यांनीच एकमेकांशी बांधली गेली. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारल्यावर या नात्यांना रोजगाराचीही जोड मिळाली.

प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळी आपले वडील (एल्डर) स्वतः निवडते आणि ते पाळकाबरोबर बसून कारभार पाहतात. गावच्या चावडीत ज्यांना खाली, लांब बसावे लागे, त्यांच्या घरांतल्या माणसांना हा मान नवा होता. प्रभुभोजनात तर एकच भाकर मोडून सर्वांना दिली जाई आणि एकच पेला हातोहात फिरे. ज्या काळात कुणाचा पेला कुणाला चालावा हे जात ठरवत असे, त्या काळात कोणत्याही प्रवचनापेक्षा हा पेलाच अधिक बोलका होता. अर्थात लग्नाची बोलणी निघाली की जुनी जात पुन्हा डोके वर काढी. मंडळीला ते दुखणे पुरते बरे करता आले नाही.

या समाजाला खरी मराठी वाणी दिली ती भजनांनी. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते कोल्हापूरच्या मंडळ्यांतही पेटी-तबल्यावर रुळली. टिळकांना मिशनच्या चौकटीतली बंधुता अपुरी वाटू लागली होती. 1917 मध्ये त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. 1919 मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही.

1924 मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांचे उत्तर हिंदुस्थानी संयुक्त चर्च झाले. 1970 मध्ये त्यात अँग्लिकन व इतर पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. कोल्हापूर हा आज त्या चर्चचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे.