लोणारच्या काठचा खार

वैशाखाचं ऊन. वऱ्हाड नुकतंच, १५९६ मध्ये, अहमदनगरच्या निजामशाहीकडून अकबराकडे गेलंय, आणि तुम्ही तिथल्या लोणारच्या विवरात उतरताय. झाडीतून खाली पोचेपर्यंत कुजक्या अंड्याचा वास नाकाला झोंबायला लागतो. परतू नका. कमळजादेवीच्या देवळापाशी या.

समोर हिरवं, दाट पाणी. तहान लागली तरी पिऊ नका. दोन बोटं बुडवा आणि एकमेकांवर चोळा. बुळबुळीत लागतं ना? हीच अल्कलीची खूण. झरे आणि ओढे या विवरात येतात, बाहेर पडायला मात्र वाट नाही. काळ्या कातळातला सोडियम विरघळून आत येतो, पाण्याची वाफ होते, खार मागे उरतो. हे हजारो वर्षं चाललंय. पाण्याचा सामू (pH) १० च्या घरात गेलाय, म्हणजे शुद्ध पाण्याच्या ७ पेक्षा तीन पायऱ्या वर. आणि इथली एकेक पायरी दसपटीची असते.

पाणी मागे सरलंय तिथे चिखलावर खाराची पांढरी पापडी धरलीय. माणसं ती खरवडून गोळा करताहेत. त्यांच्यामागून चला.

एका कढईत खाराच्या पाण्यात भाजलेला चुना पडतो. चुना खारातल्या कार्बोनेटला धरून तळाशी बसतो आणि वरचं पाणी जहाल होतं. त्यात हात घालू नका, कातडी सोलून निघेल! त्याच पाण्यात तेल घालून उकळलं की साबण तयार. पलीकडे भट्टी आहे. नुसती वाळू वितळवायला सुमारे १,७०० अंशांची आच लागते, लाकडाच्या भट्टीला ती झेपत नाही. खार मिसळला की वाळू कितीतरी कमी आचेवर पाघळते आणि काच होते. तेल कापणारा आणि वाळू वितळवणारा पदार्थ एकच, याचं मला फार अप्रूप वाटतं. अकबराच्या दरबारातला इतिहासकार अबुल फजल, त्यालाही ते वाटलं असावं. काच आणि साबणाचं सगळं साहित्य इथे मिळतं, अशी नोंद त्यानं ‘ऐन-इ-अकबरी’त केली आहे.

आता वर या, आपल्या शतकात. २०२० मध्ये हे सरोवर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. इथले बरेच सूक्ष्मजीव या खारातच तगून राहतात. सांडपाणी आत शिरलं की तो पातळ होतो. लोणारला जाल तेव्हा काठावर साबण, शाम्पू, निर्माल्य नेऊ नका.