तीन लाख तावदानांची मागणी

बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिक येथे चान्स बंधूंचा काचेचा कारखाना होता. १८५० च्या उत्तरार्धात त्यांच्यापुढे एक विलक्षण मागणी आली: ४९ इंच लांब व १० इंच रुंद अशी जवळजवळ तीन लाख तावदाने, आणि तीही थोड्या महिन्यांत. लंडनच्या जागतिक प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने योजिलेला काचमहाल १ मे १८५१ रोजी उघडावयाचा होता. अशी मागणी पुन्हा येण्याचा संभव नव्हता. ती घ्यावी की नाकारावी?

असा प्रश्न आला म्हणजे आपण बहुधा एकूण खर्चाला एकूण मालाने भागतो, आणि देऊ केलेला दर त्याखाली असला की मान हलवतो. एकदाच येणाऱ्या मागणीला हा हिशेब लागू पडत नाही, असे आम्हांस वाटते. काचेची भट्टी रात्रंदिवस जळती ठेवावी लागते. इमारत, कारकुनांचे पगार, भट्टीचा पुष्कळसा कोळसा हे ओझे मागणी घेतली तरी आहे, नाकारली तरी आहेच. जादा लागते ती वाळू, सोडा, चुना आणि कारागिराची फुंक. मिळणारा दर या जादा खर्चाहून अधिक असला, म्हणजे वरकड आपली.

पण खरी अडचण फुंकेचीच होती. ही काच यंत्रातून निघत नव्हती. रसाचा गोळा नळीवर उचलावयाचा, फुंकून व झुलवून त्याचे लांब नळकांडे करावयाचे, ते उभे चिरावयाचे आणि पुन्हा तापवून सपाट करावयाचे. ही रीत चान्स बंधूंनी १८३२ साली फ्रान्सकडून घेतली. कारागीरही बाहेरूनच आणावे लागले. भट्टीत जागा रिकामी असेल, पण फुंकणारा रिकामा नसेल, तर नव्या मागणीचे प्रत्येक तावदान जुन्या गिऱ्हाइकाच्या तोंडचे काढलेले असते. तो रागावून दुसऱ्या दारी गेला, तर ते नुकसानही याच मागणीच्या खात्यावर मांडले पाहिजे. आणि वहीत त्यासाठी रकानाच नसतो!

चान्स बंधूंनी होकार दिला. त्यामागे जुनी ओळख होती. चॅट्सवर्थच्या वनस्पतिगृहासाठी पॅक्स्टनने पूर्वी चार फुटी काच मागितली, तेव्हा ते तीन फुटीच करीत असत. ते वनस्पतिगृह १८४० साली पुरे झाले. त्या वेळी हट्टाने कमावलेला हात आता उपयोगी पडला.

महालाचे मक्तेदार फॉक्स आणि हेंडरसन यांचा हिशेब याहून धीट. सामान सरतेशेवटी आम्हांस परत मिळणार असेल तर ७९,८०० पौंड, तुम्ही ठेवणार असाल तर १,५०,००० पौंड, असा त्यांचा दर होता. करारावर रीतसर सह्या होण्यापूर्वीच त्यांनी काम सुरू केले. आमच्याकडील सावकाराने असल्या व्यवहाराला हात लावला नसता. प्रदर्शन उठल्यावर महाल विकला गेला व सिडनहॅम येथे पुन्हा उभा राहिला. ही पेढी मात्र १८५६ मध्ये बुडाली, आणि महाल १९३६ साली जळाला.

चान्स बंधूंनी त्याच प्रदर्शनात दीपगृहाचे भिंग मांडले होते. पुढे दीपगृहाची भिंगे हा त्यांचा नित्याचा धंदा झाला.