घर बांधताय? परवानगीचा नकाशा म्हणजे बांधकामाचा नकाशा नव्हे. आर्किटेक्टकडून काय-काय घ्यायचं ते आधी समजून घ्या

दिवाळी उरकली की गावोगावी घरांची कामं निघतात. बऱ्याच ठिकाणी क्रम ठरलेला असतो. आधी मिस्त्री ठरतो, मग पायाची खोदाई सुरू होते आणि ग्रामपंचायतीने किंवा बँकेने कागद मागितला की तालुक्याला जाऊन 'नकाशा' काढून आणला जातो. तो नकाशा फाइलला लागतो आणि घर मिस्त्रीच्या अंदाजाने उभं राहतं. कॉलम कुठे, सळई किती, संडासाचा पाइप कुठून, हे सगळं जागेवरच ठरतं. पुढे भिंत फोडायची, स्लॅब गळायची वेळ येते ती इथूनच.

परवानगीच्या नकाशात जागेची हद्द, बाहेरची मापं, खोल्या आणि सोडलेली मोकळी जागा एवढंच असतं. त्यावरून सळई बांधता येत नाही. आर्किटेक्टचं काम त्याच्या आधी सुरू होतं आणि बरंच पुढे चालतं.

कोण काय करतो?

आर्किटेक्ट घराचा आराखडा करतो. खोल्यांची रचना, उजेड, वारा, जिना, पाण्याचा निचरा हे त्याचं काम. आर्किटेक्ट्स कायदा १९७२ नुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच 'आर्किटेक्ट' ही पदवी लावता येते. सिव्हिल इंजिनिअरही नकाशा काढू शकतो, पण स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही.

स्ट्रक्चरल इंजिनिअर पाया, कॉलम, बीम आणि स्लॅबचा हिशोब करतो. लहान ऑफिसात तो नसतोच, बाहेरून बोलावला जातो. त्याची फी कोण देणार, हे पहिल्याच दिवशी विचारावं.

ठेकेदार किंवा मिस्त्री प्रत्यक्ष काम करतो. त्याचं काम तपासणारा माणूस त्याच्यापेक्षा वेगळा असलेला बरा.

आर्किटेक्टच्या कामाचे टप्पे

१. जागेची पाहणी : उतार कुठे, पावसाचं पाणी कुठून येतं, रस्ता किती उंच, माती कसली. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया ठेवला तर भिंतींना तडे जातात, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअर दुसरा उपाय सुचवतो.

२. कच्चा आराखडा : घरात माणसं किती, म्हातारी माणसं खाली झोपणार का, धान्य कुठे ठेवणार, गोठा किती लांब, पुढे दोन भावांच्या वाटण्या होणार का, हे सगळं या टप्प्यावर सांगावं. कागदावरची भिंत खोडरबराने पुसता येते.

३. परवानगीचे नकाशे : ग्रामपंचायत किंवा संबंधित कार्यालयात दाखल करायचा संच.

४. बांधकामाचे नकाशे, म्हणजे वर्किंग ड्रॉइंग : पायाचा आणि कॉलमचा नकाशा, सळईचा तपशील, दारं-खिडक्यांची मापं, वायरिंग, नळ, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. मिस्त्रीच्या हातात हा संच हवा.

५. एस्टिमेट : खोदाई, काँक्रीट, सळई, वीटकाम, प्लास्टर, प्रत्येकाचं माप आणि दर वेगळा. 'चौरस फुटाला इतके' अशा एका आकड्यात काय धरलं आणि काय सोडलं ते कळत नाही. वेगवेगळं माप असलं तर दोन ठेकेदारांचे दर शेजारी ठेवून पाहता येतात.

६. जागेवरची तपासणी : लाइनआउट, पाया, जोतं आणि प्रत्येक स्लॅब ओतण्याआधी. स्लॅब ओतला की आतली सळई दिसत नाही, म्हणून तपासणी आदल्या दिवशीच व्हायला हवी. भारतीय मानकानुसार पायाच्या सळईला किमान ५० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण लागतं. पाणी मारणं साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस. उन्हाळ्यात यात कसूर नको.

७. बिलांची तपासणी आणि काम संपल्याचा दाखला : ठेकेदाराचं बिल प्रत्यक्ष मापाशी जुळतं का, हे पाहणं.

पूर्ण सेवा घेणं परवडत नसेल तरी १, ४ आणि ६ हे टप्पे सोडू नयेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-धाराशिव भागात माणसं गेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जड भिंती आणि धाबी अंगावर कोसळून. आता काँक्रीट आलं. पण सळई चुकीची बांधली तर तेही जडच ओझं आहे.

ग्रामपंचायत हद्दीत परवानगी

ग्रामविकास विभागाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीनुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण १६०० चौरस फुटांच्या (सुमारे दीड गुंठा) भूखंडावर घर बांधायला वेगळा बांधकाम परवाना लागत नाही. मालकीचा कागद, मोजणी नकाशा, घराचा नकाशा आणि तो नियमावलीप्रमाणे असल्याचं परवानाधारक तज्ज्ञाचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यावं लागतं आणि शुल्क भरावं लागतं. १६०० ते ३२०० चौरस फुटांच्या भूखंडासाठी ग्रामपंचायत १० दिवसांत शुल्क कळवते. ते भरल्यावर परवानगी मिळते. त्याहून मोठ्या भूखंडासाठी नगररचना विभागाची मंजुरी लागते.

सवलत परवान्याची आहे. नकाशा आणि प्रमाणपत्र तरीही लागतंच.

जागा गावठाणाबाहेर असेल तर आधी बिनशेतीचा विचार करा. तहसील कार्यालयात चौकशी करावी. आणि हद्दीबद्दल शेजाऱ्याशी कुरबुर असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी झाल्याशिवाय पाया खोदू नये.

फी कशी ठरते?

तीन पद्धती चालतात: बांधकाम खर्चाची टक्केवारी, चौरस फुटावर दर किंवा ठरावीक रक्कम. कोणतीही असो, पैसे टप्प्याने द्यावेत आणि प्रत्येक हप्त्यासमोर काय हाती येणार ते लिहून घ्यावं. फक्त परवानगीच्या नकाशाची फी कमी असणारच, कारण त्यात पुढचं काम धरलेलं नसतं. दोन ठिकाणचे दर तोलताना हे पाहावं.

लेखी करारात ही कलमं हवीत

- नकाशांचे कोणते संच मिळणार आणि प्रत्येकाच्या प्रती किती
- कच्च्या आराखड्यात किती वेळा बदल फीमध्ये बसतो
- जागेवर किती भेटी, कोणत्या टप्प्यावर आणि येणार कोण
- स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी आत की वेगळी
- सरकारी शुल्क कोण भरणार (त्याच्या पावत्या स्वतःच्या नावाने घ्याव्यात)
- काम मध्येच थांबलं तर हिशोब कसा

नेमण्याआधी

नोंदणी क्रमांक मागावा. तो 'सीए' या अक्षरांनी सुरू होतो आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर मोबाइलवरूनच तपासता येतो. त्यांनी केलेली दोन घरं पाहून यावीत, त्यातलं एक तरी चार-पाच पावसाळे काढलेलं असावं. घरमालकाला एकच प्रश्न विचारावा: स्लॅबच्या आदल्या दिवशी साहेब जागेवर आले होते का?

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, नमुना ८, मोजणीचा नकाशा आणि हातात असलेल्या पैशाचा खरा आकडा घेऊनच पहिल्या भेटीला जावं. बजेट लपवलं तर आराखडा मोठा होतो आणि काम जोत्यावर अडकतं.