स्तंभाचे स्वगृही परतणे

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियातील किटलोप नदीच्या खोऱ्यात, हायस्ला या आदिवासी लोकांची जुनी वस्ती होती. तेथील ग्प्सगोलॉक्स नावाच्या प्रमुखाची मुलेमाणसे रोगराईला बळी पडली. शोकाकुल होऊन तो अरण्यात हिंडत असता त्सूदा नावाचे एक दिव्य सत्त्व त्याला भेटले आणि त्याच्या कृपेने गेलेल्या जिवलगांचे पुन्हा दर्शन घडले, अशी कथा आहे. या घटनेचे स्मारक म्हणून १८७२ साली सीडर वृक्षाच्या खोडातून कोरलेला सुमारे नऊ मीटर उंचीचा स्तंभ तेथे उभारण्यात आला.

१९२९ साली स्वीडनच्या एका वाणिज्यदूताच्या पुढाकाराने आणि कॅनडा सरकारच्या परवानगीने हा स्तंभ बुंध्याशी कापून स्टॉकहोमच्या मानववंशशास्त्र संग्रहालयाकडे रवाना झाला. हायस्ला लोकांची संमती कोणी घेतली नव्हती. परतून आलेल्यांना जागेवर केवळ खुंट दिसला.

स्तंभ कोठे आहे, याचा शोध लागल्यावर १९९१ साली हायस्लांचे प्रतिनिधी स्टॉकहोमला गेले. त्यांनी आपला स्तंभ मागितला. मात्र संग्रहालय रिकामे राहू नये म्हणून त्याच्या जागी नवा कोरून देण्याची तयारीही दाखविली. १९९४ साली स्वीडिश सरकारने स्तंभ परत देण्यास मान्यता दिली. पण तो जतन करता येईल अशी इमारत हायस्लांनी आधी बांधावी, अशी अपेक्षा संग्रहालयाने ठेवली.

खरा पेच येथेच होता. वस्तू टिकविणे हा संग्रहालयाचा धर्म. उलट हायस्लांच्या परंपरेनुसार असा स्तंभ काळाच्या ओघात कोसळावा आणि मातीस मिळावा, यातच त्याचे सार्थक. पार्थिव मूर्तीचे विसर्जन करणाऱ्या समाजाला ही भावना परकी वाटू नये. ज्यांनी तो घडविला, त्यांनाच त्याच्या अंताचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न होता.

२००० साली हायस्ला कारागिरांनी दोन प्रतिकृती घडविल्या. एक मूळ जागी उभी राहिली, दुसरी स्टॉकहोमला गेली. २००६ साली मूळ स्तंभ मायदेशी परतला. काही वर्षे किटिमात येथील एका व्यापारी संकुलात काढल्यावर २०१२ साली त्याला किटलोपच्या भूमीवर निजविण्यात आले. आता ऊन, पाऊस आणि शेवाळ त्याला हळूहळू मातीत मिळवीत आहेत. स्टॉकहोमचे दालन रिते झाले नाही. उलट, मागून मिळालेला नवा स्तंभ तेथे संमतीने उभा आहे.