रालेघ, रॅले आणि रॉली

दिवाळी अंकात इतिहास म्हटला की वाचक गडकोटांची, तहांची, निदान एखाद्या बखरीची वाट पाहतात. मी मात्र आज परदेशी सायकलींच्या नावांचा इतिहास सांगायला बसलो आहे. त्याचे कारण माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे, तेव्हा आधी तीच सांगून टाकतो.

सातवीच्या वर्गात मी मुलांना सांगितले होते, घरातल्या वस्तूंवर इंग्रजीत छापलेली नावे वाचून या. कुणी पंख्यावरचे नाव आणले, कुणी घड्याळावरचे. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो वाडीवरून आजोबांची जुनी सायकल दामटत शाळेत येई. काळी, जड, उंच दांडीची सायकल, आणि पायडलच्या दातेरी चाकात बगळ्यांची डोकी कापलेली. तिच्या पुढच्या बिल्ल्यावरचे अक्षर न् अक्षर लावून त्याने खणखणीत आवाजात वाचले, "रालेघ!"

वर्ग हसला. वर्ग हसला यात नवल नाही. पण मीही हसलो. "अरे, रालेघ काय? रॅले म्हणावं," असे वर सांगितलेही. मधल्या सुट्टीपर्यंत 'रालेघ' हे त्या मुलाचेच नाव पडले. दुसऱ्या दिवसापासून तो पायी येऊ लागला. विचारले तर म्हणाला, "पंक्चर आहे, गुरुजी." आठवडा लोटला तरी पंक्चर निघेना, तेव्हा काय झाले ते माझ्या ध्यानात आले.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. माझे 'रॅले' तरी कुठून आले? गावच्या सायकलवाल्याकडून! तेव्हा म्हटले, हसण्याचा आपला अधिकार तरी तपासून पाहू. पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले, आणि जे हाती लागले त्याने माझीच मान खाली गेली.

इंग्लंडात नॉटिंगहॅम शहरी एक लहानशी गल्ली आहे. तिथे वुडहेड, अँगॉय आणि एलिस असे तिघे भागीदार एका छोट्या कारखान्यात सायकली जुळवीत. १८८७ च्या सुमारास फ्रँक बाउडन नावाचा गृहस्थ तिथे आला. हाँगकाँगला पैसा मिळवून आणि प्रकृती बिघडवून तो परतला होता. वैद्याने सायकल चालवायला सांगितले, तब्येत सुधारली, आणि ज्या कारखान्याची सायकल घेतली तो कारखानाच त्याने घेऊन टाकला. १८८८ साली कंपनी उभी राहिली. तिला नाव दिले ते स्वतःचे नव्हे, त्या गल्लीचे. आणि गल्लीला नाव होते एलिझाबेथ राणीच्या दरबारातल्या सर वॉल्टरचे.

आता या सर वॉल्टरचे आडनाव उच्चारायचे कसे? इंग्लंडातले सायकलवाले आज 'रॅली' म्हणतात. अमेरिकेत उत्तर कॅरोलायना राज्याची राजधानी त्याच्याच नावाची आहे, तिथले लोक 'रॉली' म्हणतात. खुद्द त्याच्या काळचा उच्चारही 'रॉली'च्याच जवळचा असावा, असे जाणकार मानतात. शेवटच्या 'जी' आणि 'एच' या अक्षरांना तिथे कुणीच तोंडात घेत नाही. शिवाय गंमत अशी की, त्या काळी इंग्रजी लेखनाला नियमच नव्हते. लोक त्याचे नाव कितीतरी तऱ्हांनी लिहीत. आणि तो स्वतः, १६१८ साली त्याचा शिरच्छेद झाला तोपर्यंतची अनेक वर्षे, मधला 'आय' वगळून सही करी. तो 'आय' काढला आणि उरलेली अक्षरे आपल्या पद्धतीने वाचली, तर काय होते? रालेघ! म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने वाचले ते मालकाच्या सहीबरहुकूम होते, आणि मी शिकवलेले 'रॅले' ना सर वॉल्टरचे, ना नॉटिंगहॅमचे.

मग मला नादच लागला. इटलीतल्या मिलान शहरी १८८५ साली अनाथाश्रमात वाढलेल्या एदोआर्दो नावाच्या तरुणाने सायकलींचे दुकान थाटले. त्याचे आडनाव आपण 'बियांची' वाचतो, पण इटालियन भाषेत 'सी'पुढे 'एच' आला की 'क' होतो, म्हणून ते 'ब्यांकी'. या शब्दाचा अर्थ 'पांढरे', आणि त्यांच्या सायकली मात्र प्रसिद्ध आहेत आकाशी-हिरवट रंगासाठी! याच सायकलीवरून फाउस्तो कोप्पीने १९४९ आणि १९५२ साली फ्रान्सची मोठी शर्यत जिंकली. उलट 'एच' नसला आणि 'सी'पुढे 'आय' आला की 'च' होतो, म्हणून दुसरा कारखानदार 'चिनेल्ली'. हा च आपल्या 'चार'मधला, 'चाका'तला नव्हे. आपणही एकाच अक्षराचे दोन उच्चार करतो आणि कुणी परका 'चाक' शब्दात 'चार'चा च घालतो तेव्हा गालातल्या गालात हसतोच की!

व्हिचेन्झाच्या तुल्लिओने १९३३ साली सुटे भाग करायचा कारखाना काढला. त्याचे आडनाव 'काम्पान्योलो'. त्यातला 'जी' आणि 'एन' मिळून होतो आपला ञ. बाराखडीत मुलांना घोकायला लावतो आणि पुढे जन्मभर जवळजवळ वापरत नाही, तो ञ इटलीत चाके फिरवीत बसला आहे.

फ्रान्सच्या 'पजो'ने तर भल्याभल्यांना दमवले. हे घराणे करवतीची पाती आणि कॉफीच्या चक्क्या बनवी. सिंहाची खूण करवतीच्या दातांची. १८८२ साली त्यांनी सायकलींत हात घातला. नावातला शेवटचा 'टी' मुका. पहिला स्वर असा, की ओठ 'ओ'चे करावे आणि जीभ 'ए'ची ठेवावी. मी आरशासमोर प्रयत्न केला; घरातून विचारणा झाली, दाढ दुखते का?

पण उच्चार आणि भाषा हा नेहमीच हसण्यावारी नेण्याचा विषय नसतो. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, तेव्हा ऑस्ट्रियाचे राज्य होते आणि कारभार-व्यापारात जर्मन भाषेचा तोरा होता. तिथे वात्स्लाव क्लेमेंट नावाचा पुस्तकविक्रेता होता. त्याने ड्रेस्डेनच्या एका कारखान्याची सायकल घेतली. ती बिघडली, तेव्हा त्याने कंपनीच्या शाखेला आपल्या चेक भाषेत पत्र लिहिले. उत्तर आले ते जर्मनमध्ये, आणि त्यात सांगितले होते की, जबाब हवा असेल तर आम्हांला कळेल अशा भाषेत लिहा. क्लेमेंटने दुसरे पत्र लिहिलेच नाही. वात्स्लाव लाउरिन या कारागिराला हाताशी धरून त्याने १८९५ साली स्वतःचाच कारखाना काढला आणि आपल्या सायकलीला नाव दिले 'स्लाविया'. हाच कारखाना पुढे मोटारी करू लागला आणि १९२५ साली प्लझेनच्या 'श्कोडा' उद्योगात सामील झाला. त्या नावातल्या 'एस'च्या डोक्यावर लहानशी खूण असते, तिच्यामुळे तो 'श' होतो. २००१ पासून छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला या मोटारी तयार होऊ लागल्या, आणि आपण सारे बिनदिक्कत 'स्कोडा' म्हणतो. आपल्या भाषेला हिणवले म्हणून चिडून उठलेल्या माणसाच्या वारशाचे नाव आपण चुकीचे घेतो, हे कळल्यावर मला चुटपुट लागली. पण त्याहून अधिक आठवली ती शाखेतली चिठ्ठी. वर्गात मी त्या मुलाला वेगळे काय सांगितले होते?

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला मी फळ्यावर सर वॉल्टरची सही काढली आणि वर्गाला ही सारी हकिकत सांगितली. शेवटी म्हटले, "त्या दिवशी रालेघ वाचणाऱ्याने जे अक्षर दिसले ते प्रामाणिकपणे वाचले. हसलो तो मी चुकलो."

वर्ग गप्प. तो मुलगा थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिला. मग उभा राहून म्हणाला, "गुरुजी, मग तुम्ही म्हणता ते रॅले कुणाचं?"

मी म्हणालो, "ते आपल्या गावचं."

"माझे आजोबा पण रॅलेच म्हणायचे," तो म्हणाला आणि खाली बसला.

सुट्टी संपून शाळा भरली, त्या दिवशी पडवीत बगळ्यांच्या चाकाची ती काळी सायकल भिंतीला टेकून उभी होती. तिला पंक्चर कधी झालेच नव्हते.