एक कप, तीन तास

एका कपावर तीन तास बसणारा माणूस म्हणजे धंद्याचा शत्रू, असं आम्हाला बी. कॉम.ला शिकवलं होतं. बँक सुटल्यावर मी रोज तेच करतो, ही गोष्ट वेगळी.

पण इतिहास आमच्या बाजूचा आहे. जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले. पडून राहिलेला माल देशातच खपावा म्हणून 1936 साली मुंबईत, चर्चगेटला, इंडिया कॉफी हाउस निघालं. पुढे कॉफी बोर्डाने शहरोशहरी दुकानं थाटली. कॉफी किती खपली देव जाणे, खुर्च्या मात्र भरल्या. कवी, वकील, पुढारी आणि नोकरी शोधणारे पदवीधर! (या शेवटच्या गटात मीही होतो, फक्त जरा उशिरा जन्मलो.)

1950 नंतरच्या दशकात बोर्डाचं धोरण फिरलं. कॉफी हाउसं बंद होऊ लागली, वेटर आणि आचारी रस्त्यावर आले. तेव्हा केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांच्या गळी उतरवलं, की सहकारी संस्था काढा आणि दुकानं तुम्हीच चालवा. 19 ऑगस्ट 1957ला बंगळूरला पहिली संस्था उभी राहिली, ऑक्टोबरात दिल्लीला कॉफी हाउस उघडलं, मार्च 1958मध्ये त्रिचूरला. नाव झालं इंडियन कॉफी हाउस. काल बिल आणून देणारा आज मालक; डोक्यावरचा तुरा तोच. आमच्या बँकेत असं घडलं, तर मी पहिल्याच दिवशी मॅनेजरसाहेबांना टोकन देऊन बाकावर बसवीन.

कलकत्त्याची कथा आणखी गोड. कॉलेज स्ट्रीटवरचं कॉफी हाउस 1958 साली बंद पडलं, तर प्राध्यापक मंडळी अर्ज घेऊन थेट सरकारकडे धावली. त्याच वर्षी ते पुन्हा उघडलं. आता एका कपावर तीन तास बसण्यात प्राध्यापकांचा हात कोण धरणार? म्हणजे दुकान वाचवलं ते धंद्याच्या शत्रूंनीच! हिशेबात याला गुडविल म्हणतात. पण धंदा विकायला काढल्याशिवाय तिची किंमत मांडायची नसते, असंही आम्हाला शिकवलं होतं.

गेल्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. तिसऱ्या दिवशी टेबलावरचे चौघे दारात हजर. एकाने रक्ततपासणीचा कागद आणायचं काम घेतलं, दुसऱ्याने मुलाची फी भरली. मागोमाग आमचा वेटर थर्मास घेऊन आला. मला कॉफी वर्ज्य, ती सौ.ने प्यायली. पैसे विचारले तर म्हणाला, "राहू द्या हो साहेब. तुमची खुर्ची अडवून ठेवलीय, त्याचं काय ते आधी बघा."